काशीआत्याचा धवला, पैसा वसूल!

पैसे वसूल करण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बदलापुरात सापडायचा नाही! भाजीवाल्याकडून फुकट कोथिंबीर सगळेच घेतात. मी कोथिंबीर ठेवून घेऊन भाजी परत केलेली आहे!

त्यामुळे माझ्या पुतणीचं, जिज्ञासाचं, लग्न ठरलं तेव्हा मी घरच्या बैठकीत छाती ठोकून सांगितलं, "हळदीला काशीआत्याचा धवला स्पीकरवर वाजणार. रेकॉर्डिंग मी करणार. स्टुडिओपेक्षा भारी आणि निम्म्या खर्चात!"

काशीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, आमच्या खरवई गावची धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले, विधींची पारंपरिक गाणी, गाणारी. लग्नात तिने धवला धरल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागत नसे. पण आता तिला दम लागतो, मांडवात बसवत नाही. आणि हळदीचा मोठा धवला तिच्याशिवाय कुणालाच पुरता येत नाही. जिज्ञासाचा एकच हट्ट, "मला हळद लागेल ती काशीआजीच्याच आवाजात!"

मी उल्हासनगरला भगवानशेठच्या दुकानात गेलो.

"साईं, ये माईक नहीं, कान है कान!" भगवानशेठ म्हणाला. "मुंगी चालली तरी ऐकू येणार! मुंबईच्या स्टुडिओतला माईक ह्याचा सख्खा भाऊ!"

दोघांच्या आईबापांची चौकशी मी केली नाही. माईकवर स्टँड फुकट, स्टँडवर हेडफोन फुकट आणि हेडफोनवर चहा फुकट! मी तरंगतच घरी आलो.

बेडरूमच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. मधोमध खुर्चीत आत्या, नाकासमोर माईक.

"जल्लं तुजं यंत्र!" आत्या म्हणाली. "याच्यापुढं गायाचं कसं? हे त मान पन हलवत नाय!"

"तू गा, आत्ये. मान मी हलवतो."

आत्याने सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात कुकरची शिट्टी! "आत्ये, परत!" मग वरच्या मजल्यावर ड्रिल. "परत!" मग कुत्रा. "परत!" माईक खरोखरच कान होता, फक्त तो आत्या सोडून सगळ्या बिल्डिंगकडे लागलेला होता!

बायको, नेत्रा, दारात येऊन म्हणाली, "अहो, साधं मोबाईलवर घ्या ना! छान येतं."

"मोबाईलवर? मग हा माईक काय वरणात घालू?"

आठवडाभर रोज आत्या यायची. एकदा चांगलं झालं तरी मी आणखी चार वेळा गाऊन घ्यायचो. घेतलेली वस्तू वापरायला नको का?

"आवाज बसतो रं, पोरा."

"गरम पाणी पी, आत्ये. हे शेवटचं!" असं मी दर वेळी म्हणायचो.

आता राहिला मागचा गोंगाट. तो काढणारं एक सॉफ्टवेअर महिनाभर फुकट मिळत होतं. फुकट! मी झडप घातली. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की आवाजाचा एक तुकडा निवडा, बटण दाबा, काम झालं. कुठला तुकडा, हेही लिहिलं असणार. पण वाचण्यात वेळ कोण घालवतो? मी आत्याचा सगळ्यात गोड तुकडा निवडला. म्हटलं, त्यालाही कळू दे, आपल्याला काय हवंय ते! लॅपटॉपमध्ये जागा होईना म्हणून मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकलं. ऐकूनही बघितलं बरं का! पण फुकटच्या हेडफोनचा एक कान मुका आणि दुसऱ्यात सतत भजी तळल्याचा आवाज. हेडफोनचाच दोष, असं ठरवून मी झोपलो.

हळदीचा मांडव गच्च भरला. नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती. पुढच्या खुर्चीत विहीणबाई, मालिनीबाई. जिज्ञासा पाटावर बसली आणि मी डीजेवाल्याला ऐटीत खूण केली.

माणूसभर उंचीच्या स्पीकरमधून खणखणीत कुकरची शिट्टी आली! मग ड्रिल. मग कुत्रा. आत्याचा आवाज कुठेच नव्हता! मी दाखवलेला तुकडा म्हणजेच गोंगाट, असं समजून सॉफ्टवेअरने आत्याला मुळापासून पुसून काढलं होतं. मात्र स्वयंपाकघरातून बहिणीशी फोनवर बोलणाऱ्या नेत्राचा आवाज त्याने जिवापाड जपला होता!

"मुलगा सोन्यासारखा आहे गं! पण त्यांच्याकडची माणसं... मटण दुप्पट सांगावं लागणार बघ!"

डीजेवाल्याने वायर उपटली. मला बेडरूममध्ये आठवडाभर हवी होती तशी शांतता मांडवात पसरली!

मालिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "मटण पुरेल हो. आमची माणसं उद्या कमीच येतील."

नेत्रा धावत जाऊन त्यांच्या पाया पडली. मी कुणाकुणाच्या पाया पडलो ते आता आठवत नाही. शेवटी मालिनीबाईंनाच हसू आलं आणि लग्न वाचलं.

पण धवला नाही वाचला. सगळ्या बायका आत्याकडे वळल्या. आत्या उठली, जिज्ञासाच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, खोकली. आठवडाभर जेवढा म्हणून आवाज होता तेवढा मी वसूल केला होता! बायकांना पालुपद तेवढं येत होतं, तेच त्या घोळवत राहिल्या. जिज्ञासाने आत्याचा हात हातात धरला आणि मुकाट्याने हळद लावून घेतली.

पुढे महिन्याभराने आत्याचा गळा सुटला. मी माफी मागायला गेलो. झाला प्रकार तिला नीट समजावून सांगितला.

"म्हंजे तू यंत्राला सांगितलंस, हा आवाज नको?"

"चुकून, आत्ये!"

"बरं," एवढंच ती म्हणाली आणि माझ्यापुढे चहा ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

अजूनही ती आमच्याकडे येते. नेत्राबरोबर तांदूळ निवडता निवडता स्वयंपाकघरात गुणगुणते. मी आत गेलो की गप्प. म्हणून मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहतो. मोबाईल लांब ठेवून, शपथ!

काल तर तिने हळदीचा मोठा धवलाच धरला होता. दुसरं कडवं संपत आलं होतं. तेवढ्यात नेत्राने हाक मारली, "अहो, नुसते उभे काय राहिलात? वरचा डबा काढून द्या ना!"

गेलो आत. काढून दिला डबा.



आत्याने पुढचा तांदूळ सुपात घेतला. नेत्राला म्हणाली, "खडे लई हायेत गो यांत."