फाटक कुणी लावायचं

शेळ्यांच्या गोठ्याचं फाटक सताड उघडं आहे, हे सकाळी सगळ्यांत आधी अध्यक्षबाईंच्या लक्षात आलं. त्या क्षणभर थांबल्या, समाधानानं मान हलवली आणि फाटक तसंच ठेवून पुढे गेल्या. मागून मधमाश्यांवाले आले. त्यांनी चष्मा पुसून फाटकाकडे नीट पाहिलं, "वा!" म्हणाले आणि तेही पुढे गेले. मग एकेक करत सगळं मंडळ तिथून गेलं, पण कडी कुणीही लावली नाही.

कारण ही सगळी शिक्षक मंडळी होती, आणि तीही शेतावर शिकवणारी. कुणाचा मळा, कुणाची फळबाग, कुणाच्या मधाच्या पेट्या. शाळेतली मुलं तिथे येऊन मातीत हात घालत आणि वर्षातून एकदा ही माणसं एकमेकांकडून शिकायला या शेतावर जमत. त्यांचा एक नियम होता. मुलांना उत्तर सांगायचं नाही. विचारायचं, वाट पाहायची, चुकू द्यायचं. नियम हे मंडळ सुरू करणाऱ्या सरांचा होता आणि शेतही सरांचंच. सर गेल्या हिवाळ्यात गेले. त्यामुळे उघडं फाटक पाहून प्रत्येकाला वाटलं, हा सरांच्या पद्धतीचा आजचा पहिला धडा. आपण कडी लावली तर दुसऱ्याचं शिकणं बुडेल.

प्रत्यक्षात फाटक सरांच्या मुलीनं उघडं टाकलं होतं. तिच्या दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या होत्या आणि डोक्यात अध्यक्षबाई. मुलं तिला ताई म्हणत, म्हणून मोठेही ताईच म्हणत. मेळावा यापुढे इथेच भरवायचा की दुसरीकडे न्यायचा, हे आज संध्याकाळच्या बैठकीत अध्यक्षबाई सांगणार होत्या. मेळावा गेला की हळूहळू शाळाही येणं बंद करणार, मग शेळ्या विकायच्या आणि आपण मावशीकडे राहायला जायचं, असं आईनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मावशीनं तर खोलीला रंगसुद्धा दिला होता.

ताईनं रोपांच्या वाफ्यापाशी सगळ्यांना गोल उभं केलं, घसा साफ केला आणि सरांसारखा आवाज काढून पाहिला.

"हे रोप का बरं सुकलं असेल?"

"ते सुकलंय, असं तुम्हाला का वाटतं?" मधमाश्यांवाल्यांनी विचारलं.

"मुळात सुकणं म्हणजे नेमकं काय?" फळबागेच्या बाई म्हणाल्या.

"हा प्रश्न आपण रोपालाच विचारला तर?" अध्यक्षबाईंनी डोळे मिटले.

रोप काही बोललं नाही. त्याला पाणी हवं होतं आणि भरलेली झारी ताईच्या हातात होती. पण झारी वाकडी केली असती, तर उत्तर सांगितल्यासारखं झालं असतं. ताई तशीच अवघडून उभी राहिली.

इतक्यात बांधापलीकडून आरोळी आली.

"अहो शाळावाले! तुमच्या शेळ्या!"

आरोळी कोबीवाल्या काकांची होती. त्यांचा मळा अगदी लागूनच. सगळे धावत बांधावर पोचले, तेव्हा कळपाची म्होरकी, जिला मुलांनी हेडबाई असं नाव ठेवलं होतं, कोबीच्या सरीतून रमतगमत चालली होती. एकही गड्डा ती पूर्ण खात नव्हती. प्रत्येकाची चव घेऊन पाहत होती, आणि बाकीच्या शेळ्या तिच्यामागून उरलेलं तपासत होत्या.

"बघत काय राहिलात? धरा की!" काका ओरडले.

"काका," मधमाश्यांवाल्यांनी मऊ आवाजात विचारलं, "शेळ्यांनी कोबीच का निवडला असेल?"

"कारण मी कोबीच लावलाय!"

"छान," फळबागेच्या बाई म्हणाल्या. "आणखी एखादं कारण सुचतंय का?"

काकांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. हेडबाईनं ती उचलली आणि चघळायला लागली.

"अगं ताई," काका खालच्या आवाजात म्हणाले, "ही माणसं बरी आहेत ना?"

ताई उत्तर देणार तोवर अध्यक्षबाईंनी गट पाडले होते. एका गटानं निरीक्षण करायचं, दुसऱ्यानं शेळीच्या बाजूनं विचार करायचा. तिसऱ्या गटाला काही काम उरलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या बुद्धीनं मळ्याचं पलीकडचं फाटक उघडलं.

"त्यांना पर्याय देऊन बघू," त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं.

शेळ्यांनी पर्याय लगेच स्वीकारला. पलीकडे मोठा रस्ता होता आणि त्यावरून विटांचे ट्रक भरधाव जात होते. हेडबाई तोंडात टोपी धरून सगळ्यांत पुढे निघाली.

ताईनं सरांचा आवाज शोधला. तो सापडला नाही. त्याऐवजी जो आवाज बाहेर पडला, तो तिचा स्वतःचा होता आणि तो ऐकून झाडावरचे कावळे उडाले.

"मधमाश्यांवाले, पळा! रस्त्यात उभे राहा, हात पसरा! बागेच्या बाई, तुम्ही उजवीकडून! काका, डावीकडून! अध्यक्षबाई, ती बांधावरची बादली वाजवा!"

"पण त्यामागचा हेतू..."

"वाजवा!"

अध्यक्षबाईंनी बादली वाजवली. सुरुवातीला संकोचानं वाजवली, मग चांगली दणदणीत. बादली वाजली म्हणजे खुराक आला, एवढं शेळ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे कान उभे राहिले. रस्त्यात एका ट्रकनं कचकन ब्रेक मारला आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"काय झालं हो?"

"तुम्हाला काय..." मधमाश्यांवाले सवयीनं सुरू झाले.

"उत्तर द्या त्यांना!" ताई लांबून ओरडली.

"शेळ्या!" मधमाश्यांवाले जिवाच्या आकांतानं म्हणाले. "शेळ्या सुटल्यात!"

हेडबाई वळली, तिच्यामागे कळप वळला, आणि बादली बडवत निघालेल्या अध्यक्षबाईंच्या पाठोपाठ अख्खी वरात गोठ्यात शिरली. सगळे घामाघूम झाले होते, चिखलानं माखले होते आणि मुलांसारखे खिदळत होते. ताईनं कडी लावली.

"हे फाटक मी उघडं टाकलं होतं," ती म्हणाली. "विसरले. धडाबिडा काही नव्हता."

 मंडळींनी आपापल्या चपला न्याहाळल्या.

"मी पाहिलं होतं सकाळी," मधमाश्यांवाले म्हणाले. "वाटलं, कुणीतरी शिकेल."

"मीही," बागेच्या बाई म्हणाल्या. अध्यक्षबाईंनी बादली हळूच पाठीमागे लपवली.

"मग, काय शिकलात?" काकांनी विचारलं.

"फाटक लावायचं," सगळे म्हणाले.

"उद्या सकाळी माझ्या मळ्यात यायचं. जेवढं खाल्लंय तेवढी रोपं लावायची. आणि एकानंही प्रश्न विचारायचा नाही."

संध्याकाळी बैठक बसली. उद्याचं पक्कं करायला काकाही येऊन दाराशी टेकले. अध्यक्षबाई बोलायला उठल्या.

"आज मला सरांची फार आठवण आली. सर असते, तर त्यांनी आधी शेळ्यांनाच विचारलं असतं."

"आणि शेळ्या अजून रस्त्यावर असत्या," मागून कुणीतरी म्हणालं.

आई होती. हातात चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. 

"जन्मभर त्या माणसाला विचारत आले, चहा घेणार का? तर म्हणायचे, तुला काय वाटतं? मी विचार करेपर्यंत चहा गार. रोज!"

आधी काका हसले, मग आईच हसायला लागली. ट्रेवरचे कप किणकिणले, म्हणून ताईनं धावत जाऊन ट्रे धरला. हसता हसता आईचे डोळे भरून आले, तरी तिचं हसू काही थांबेना. हिवाळ्यापासून घरात हा आवाज झाला नव्हता.

"मेळावा इथेच भरेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दर वर्षी. ताई ओरडेल, आपण पळू."

ताईनं आईकडे पाहिलं. "मावशीची खोली..."

"तिला म्हणावं, भाडेकरू ठेव," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "मला इथे कामं आहेत. आता सरळ सांगा बघू, चहा कुणाकुणाला? हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. काकांनी दोन्ही.