लाल पट्टीचा गुलाब

आमच्या शेजारच्या भानुदासबापूंच्या घरात वास यायच्या आधी घंटी वाजते. सायकलची, खरीखुरी. ट्रिंग झालं की बैठकीतल्या भिंतीवर टांगलेल्या पत्र्याच्या डब्यातून एक रंगीत पट्टी खाली पडते आणि मागोमाग भस्सकन सुगंध सुटतो. पांढरी पट्टी मोगऱ्याची, पिवळी केवड्याची, हिरवी वाळ्याची. नवा पाहुणा आधी दचकतो, मग शिंकतो आणि बापूंनी विचारायच्या आत "छान आहे हो" म्हणून मोकळा होतो.

"बापू, वासाला घंटी कशाला? देवानं नाक दिलंय की," मी एकदा म्हटलं.

"ताई, तुम्ही पीठ दळा. मशीन अजून ट्रायलवर हाय."

बापू मूळचे पिशोरचे. वाळूजच्या एका कंपनीत टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, बापूंनी सुगंध धरला. बाजारातली बटण दाबायची यंत्रं त्यांना नापसंत. "तोंडाचं भोक एक सूत मोठं हाय. वास नुसता सांडतो," म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक आणून खोललं, ते पुन्हा कधी जुळलं नाही.

मग स्वतःची सुरू झाली. पहिलं यंत्र दाराला बसवलं होतं. दार उघडलं की फवारा. सिलिंडरवाला विसरलेली पावती न्यायला दोनदा आत-बाहेर झाला आणि अख्ख्या बजाजनगरात मोगऱ्याचा दरवळ घेऊन फिरला. दुसरं पंख्याच्या पात्यांना अत्तरात भिजवलेला नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवून केलेलं. पंखा पाचवर गेला आणि भिंतीवर केवड्याची नक्षी उठली. ती अजून आहे.

रिफिल म्हणजे खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली आणि स्टोव्हची वात. अत्तर मात्र शहरातल्या शहागंज बाजारातून. तिथं जाऊन मनगटावर थेंब घ्यायचा, हुंगायचा, दुकानाबाहेर एक चक्कर मारायची, पुन्हा हुंगायचा. एकदा मी सोबत होते. दुकानदार हात जोडून म्हणाला, "चचा, आप अत्तर लेने आते की मेरा इम्तिहान लेने आते?"

या सगळ्यात गयामावशी, म्हणजे बापूंच्या घरधनीण, शांत असायच्या. मावशींचं नाक ही आमच्या गल्लीची मिळकत. उन्हाळ्यात काळा मसाला करायचा म्हटलं की बायका भाजलेलं घेऊन त्यांच्याकडे जाणार. मावशी उंबऱ्यातूनच सांगणार, "धने कच्चे राहिले गं. अजून दोन हात मार." गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत मात्र त्या सगळ्यांनाच "झालाय की छान" म्हणायला लागल्या होत्या. वयानं माणूस मऊ होतो, असं आम्ही समजलो.

माझी पिठाची गिरणी बापूंच्या बैठकीला लागून आहे. मध्ये एक झरोका. त्यातून त्यांचे प्रयोग माझ्या चक्कीत उतरायला लागले. एक दिवस एक बाई ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन परत आली. "सुमनताई, भाकरीला केवड्याचा वास येतोय. मालक म्हणले, पिठात कुणाचं लगीन लागलं व्हय?" तिच्या मागे आणखी दोघी उभ्या. गिऱ्हाईक तुटलं तर माझं घर कसं चालणार? मी पदर खोचला आणि बापूंचा तो वासाचा डबा बंद करायला लावायचाच, असं ठरवून शेजारी गेले.

दारातच करपलेल्या दुधाचा भपकारा आला. धावत स्वयंपाकघरात गेले. पातेलं काळंठिक्कर, दुधाचा कोळसा झालेला. गॅस बंद करून बैठकीत आले तर मावशी मेथी निवडत बसलेल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात ट्रिंग झालं. हिरवी पट्टी पडली.

मावशींनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "वाळा सुटला बघ, सुमन. कसं गार वाटतं."

हिरव्या पट्टीची बाटली समोर टेबलावर उपडी पडली होती. धुऊन वाळत घातलेली. डब्यात वाळ्याचा थेंब नव्हता आणि घरभर जळक्या दुधाचा धूर होता.

मी म्हटलं, "हो मावशी. गार वाटतं."

बापू बाहेरून आले, हवेत हुंगलं, पातेलं पाहिलं आणि मला अंगणात घेऊन गेले.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "त्या मोठ्या तापातून उठली, तवापासून नाय येत वास. माझ्या हातून रॉकेल सांडलं, तर म्हणली, अत्तर बरं आणलंत. तवा कळलं."

"डॉक्टर?"

"सर्दीच्या नावाखाली नेलं दोघा-तिघांकडं. काय नाय झालं. तिनं मला सांगितलं नाय, मी विचारलं नाय. सगळी गल्ली नाकासाठी मानती तिला. पाहुण्यासमोर चुकायला नको, म्हणून घंटी आन पट्टी."

मी ज्या कामाला आले होते ते बोलले नाही. गिरणीत येऊन झरोक्याला आतून पत्रा ठोकला. उकाडा वाढला, पण पीठ सुधारलं.

पंधरा दिवसांनी बापूंनी नवा डबा केला. छोटा, एकच पट्टी, लाल. बरोबर गॅसच्या वर टांगला. त्याची चावी शेगडीच्या बटणाला जोडलेली. गॅस पेटला की काही मिनिटांनी ट्रिंग, आणि लाल पट्टी खाली.

"गुलाब हाय," त्यांनी मावशींना सांगितलं. "लई नाजूक. जवळ जाऊन घेतल्याशिवाय कळत नाय."

आता घंटी वाजली की मावशी असतील तिथून उठतात, शेगडीपाशी जातात, गुलाब हुंगतात आणि वर आलेलं दूध उतरवतात.

परवा त्या परसात असताना मी स्टुलावर चढून त्या डब्याचं झाकण उघडलं. आत बाटली नव्हती. बाटली बसेल अशी जागाच ठेवलेली नव्हती. उतरले तोवर ट्रिंग झालं आणि मावशी लगबगीनं आत आल्या. गॅस बारीक केला, पट्टीकडे मान वर करून श्वास घेतला.

"कालच्यापेक्षा आजचा बरा आलाय, नाही का गं?"

"लई भारी," मी म्हटलं.