मगदूमांची दाढ बाहेर बसते

एक्स-रे काढायची वेळ आली की भूपाल मगदूमांची उजवीकडची खालची दाढ तोंडातून उतरायची आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. असं दोनदा झालं. दोन्ही फोटोंत बाकीचे दात शहाण्यासारखे रांगेत होते आणि मधे एक मोकळी जागा होती. दाढ बाहेर गेली तरी ठणका मात्र आतच राहायचा.

मगदूमांचं जयसिंगपुरात भडंगाचं दुकान. वडिलांपासूनचा नियम असा की प्रत्येक कढईतली पहिली मूठ मालकानं गिऱ्हाइकासमोर खायची, मगच पुडा बांधायचा. डावीकडचे दात कधीच गेलेले. सगळी भिस्त या एका दाढेवर. आठ दिवस ते पहिली मूठ नुसती चघळून गिळत होते. कुरकुर ऐकू येईना, तशी गिऱ्हाइकं पुड्याकडे संशयानं बघायला लागली. मगदूम मनातून पार घाबरले होते.

"हाड किती शाबूत आहे ते वरून कळत नाही," डॉ. वृषाली चौगुले म्हणाल्या. "फोटो नाही मिळाला तर दाढ अंदाजानं काढूनच टाकावी लागेल."

"अंदाजानं नको ओ," म्हणत मगदूम बाहेर गेले आणि दाढेशेजारी, थोडं अंतर राखून बसले.

"का गं असं करतीस?"

"बटण दाबायच्या टायमाला बाई दाराआड जातात," दाढ म्हणाली. "मग आपणच तेवढं आत का बसायचं?"

हा प्रश्न मगदूमांनाही पडला होता. पण लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंना विचारायची त्यांना लाज वाटली होती.

डॉक्टर बाहेर येऊन दाढेसमोर स्टूल घेऊन बसल्या. "तुमचा फोटो वर्षा-दोन वर्षांत एखादा," त्या म्हणाल्या. "किरण अगदी थोडे असतात. मी मात्र दिवसाला वीस-वीस काढते. दर वेळी आत थांबले तर थोडं थोडं साठत जाईल. म्हणून आड जाते."

"मालकांच्या गळ्याला शिशाचा पट्टा बांधता. मलाबी एक बांधा."

"बांधला असता. पण मग फोटोत पट्टाच दिसेल."

हे दाढेला पटलं. तरी ती उठेना.

"आमच्यात विकणाऱ्यानं आधी खायचं असतंय," ती म्हणाली. "तुम्ही आधी तुमचा फोटो काढा. आमच्यासमोर."

मगदूमांना दाढेचा अभिमान वाटला. त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

"नाही काढणार," डॉक्टर म्हणाल्या.

"का ओ?"

"माझं काही दुखत नाही. गरज नसताना एकही काढायचा नाही, स्वतःचासुद्धा नाही. तुमची समजूत घालायला तर नाहीच. आणि तुम्ही आत थांबणार नसाल तर आत्ताच सांगा. तुमचाही तिसरा वाया घालवणार नाही."

बाकावर नंबर लावून बसलेली एक बाई दाढेला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली.

"मालक," दाढ शेवटी म्हणाली, "घरचं मशीन असून ही बाई उगंच घेत न्हाई. म्हणजे मापात देणारी हाय. चला आत."

या वेळी फोटोत दाढ ताठ बसलेली दिसली. मुळाच्या टोकाशी एक काळी सावली होती; भोवतालचं हाड मजबूत होतं. काढायची गरज नव्हती, रूट कॅनालवर भागणार होतं. मगदूमांनी खुर्चीतच डोळे पुसले आणि पट्ट्यामुळे गळा घामाघूम झाल्याचं सांगितलं.

महिन्याभरानं, टोपी बसवलेली दाढ घेऊन, ते ताज्या भडंगाचा पुडा डॉक्टरांना द्यायला आले. डॉक्टरांनी मूठ भरली, तेवढ्यात त्यांचीच वरची डावी दाढ खाली उतरली आणि टेबलावर येऊन बसली.

"यांनी आधी खाल्लं का?" तिनं विचारलं.

"बरोबर हाय," मगदूम म्हणाले. त्यांनी मूठभर भडंग उजवीकडे घेतलं आणि चावलं. तो आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

डॉक्टरांची दाढ आपल्या जागेवर परतली.