मसावि आणि एक पाहुणी

मुलीच्या वाढदिवसाला मैत्रिणींना द्यायच्या भेटींच्या पिशव्या मी भरतो, असं मी आपणहून म्हणालो आणि तिथेच चुकलं. (बायको केकवर क्रीम फासत होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अनुभव, दुसरं काय!)

टेबलावर अठ्ठेचाळीस पेन्सिली, छत्तीस चॉकलेटं आणि साठ स्टिकर होते. कन्येला शाळेत सध्या मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, शिकवतात आणि तो काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नाही. म्हटलं, बापाने करून दाखवायला याहून चांगली संधी कुठली?

"या तिन्ही आकड्यांना पूर्ण भाग जाईल अशी सगळ्यात मोठी संख्या कोणती? बारा! म्हणून पिशव्या बारा. प्रत्येकीत चार पेन्सिली, तीन चॉकलेटं, पाच स्टिकर." भराभरा पिशव्या भरून मी हात झटकले. "उरलं काही? शून्य!"

"पण बाबा, मैत्रिणी तेरा येणारेत."

(पुस्तकातल्या उदाहरणात पाहुणे किती, हे कधी विचारतच नाहीत.)

"एकीला उद्या बोलावलं तर?"

कन्येचे डोळे भरून आले. तेरावी मुलगी तिच्या बाकावरची, आठवड्यापूर्वीच शाळेत आलेली. "तिला अजून कुणीच ओळखत नाही, बाबा. नेमकी तिलाच पिशवी मिळाली नाही, तर ती आपल्याकडे परत येईल का?"

मलाही गलबलून आलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि माझं डोकं चालेनासं झालं. मी प्रत्येक पिशवीतून एक पेन्सिल, एक चॉकलेट आणि एक स्टिकर काढून नव्या पिशवीत कोंबला. एवढंसंच तर काढतोय, कुणाला कळणार?

नवी पिशवी टम्म फुगली.

"बारा, बारा आणि बारा!" कन्येने कपाळावर हात मारला. "बाबा, काय केलंस हे!"

निस्तरायला वेळच नव्हता. केक कापून झाल्यावर पिशव्या वाटल्या, आणि बारा जणी नवीच्या हातातल्या त्या फुगलेल्या पिशवीकडे टकामका बघू लागल्या. नवी मुलगी लाजून लालबुंद झाली. मग हळूच उठली आणि एकेकीला नाव विचारत, प्रत्येकीच्या हातात एक पेन्सिल, एक चॉकलेट, एक स्टिकर ठेवत निघाली. चौथ्या मुलीपर्यंत पोचेतो खिदळणं सुरू झालं. शेवटच्या दोघी तर ती आपल्याच शेजारी बसावी म्हणून भांडू लागल्या. माझी लेक नुसती फुलून गेली होती.

"बघितलंस? सगळं ठरवून केलं होतं," मी बायकोच्या कानात कुजबुजलो.

ती काही बोलणार, तोच नवी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रिकाम्या पिशवीची नीट घडी करून तिने ती माझ्या हातात दिली.

"काका, सगळ्यांना वाटून झालं. आता माझी पिशवी द्या ना!"