भवानी पेठ कार्डमूल्य स्थैर्य समितीचा वृत्तांत

रविवार, दिनांक सहा रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी करमाळ्याच्या संघाने मंगळवेढ्याची कबड्डीपटू कुमारी सोनम बिरप्पा बंडगर हिची पकड केली. पाच वाजून अकरा मिनिटांनी सोलापुरात, भवानी पेठेत, तिच्या कार्डाचा भाव अठराशेवरून दोनशे चाळीसवर आला. या एका मिनिटात पेठेतील सदतीस सभ्य कुटुंबे हवालदिल झाली. सोनमच्या गुडघ्यालाही बरेच खरचटले, असे नंतर समजले.

ज्यांना ही कार्डे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अशी माणसे अजून आहेत आणि मला त्यांची कीव येते. जिल्ह्याच्या कबड्डी लीगमधल्या प्रत्येक खेळाडूचे चकचकीत कार्ड निघते. पाच कार्डांचे बंद पाकीट शंभर रुपयांना मिळते. कार्डाच्या कोपऱ्यात ‘पाचशेपैकी एकशे बारा’ असा सोनेरी आकडा असतो. छापखान्याला पाच हजार छापता येत नाहीत असे नाही. पण मग ते दुर्मिळ कसे होणार? पूर्वी वस्तू हरवून, फाटून, उंदरांनी कुरतडून दुर्मिळ व्हायची. त्यात फार वर्षे जात. आता ते काम छापतानाच उरकून घेतात.

मी मल्लिनाथ, जकात नाक्यावरचा निवृत्त कारकून आणि या समितीचा चिटणीस. माझ्याकडे सोनमची बावीस कार्डे आहेत. म्हणजे मी तटस्थ नाही, पण समितीत तटस्थ माणसाला घेतच नाहीत.

मंगळवारी समितीचे सभासद हुसेनसाब यांच्या टॉवेलच्या गोदामात तातडीची सभा भरली. सगळ्यांची तोंडे उतरलेली. एकटे हुसेनसाब मजेत बशीतून चहा पीत होते. त्यांच्याकडे जुनी कार्डे आहेत. फार पूर्वी विडीच्या बंडलात पैलवानांची चित्रे येत, ती त्यांच्या वडिलांनी बिस्किटाच्या डब्यात साठवली. एकाचा कोपरा कसरीने खाल्लेला, एकावर हळदीचा डाग, एकाच्या पाठीवर कुणीतरी दुधाचा हिशेब केलेला. तरी प्रत्येकाचा भाव नऊ हजार, आणि तीन वर्षांत त्यातला एक रुपया हललेला नाही.

“हुसेनसाब, तुमचा भाव पडत कसा नाही?” मी विचारले.

“कसा पडंल, अण्णा? आमचा पैलवान मातीत जाऊन चाळीस वर्सं झाली. आता त्यो कुटं हरतोय?”

जुने कार्ड चांगले की नवे, या वादात आम्ही दोन दिवाळ्या घालवल्या होत्या. कागद, शाई, चकाकी यांवर भांडून दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले होते. आणि उत्तर इतके साधे निघाले. नव्या कार्डाचा दोष कागदात नसून खेळाडूत आहे. तो जिवंत असतो आणि रविवारी खेळतो.

उपाययोजना लगेच सुरू झाली. पहिल्या ठरावाने सोनमला कळवण्यात आले की, तिने जोखमीची चढाई करू नये; रेषा ओलांडून, प्रतिपक्षाला नमस्कार करून परत यावे. पुढच्या रविवारी तिने ठराव धाब्यावर बसवून एका चढाईत तीन गडी टिपले. भाव सव्वीसशे झाला. समिती आणखीच घाबरली, कारण जे एवढे वर गेले ते किती खाली येईल याचा काही नेम नव्हता. तेव्हा दुसऱ्या ठरावाने करमाळ्याच्या कार्डधारकांच्या समितीशी बोलणी करून सगळे सामने बावीस-बावीस असे सुटतील, असा करार झाला. दोन रविवार तसे सुटलेही. प्रेक्षक यायचे बंद झाले. शेंगदाणेवाल्याने तक्रार केली, पण त्याच्याकडे एकही कार्ड नसल्याने ती दप्तरी दाखल करून घेतली नाही.

याच सुमारास बाळीवेशीतल्या एका कार्डधारकाचा अर्ज आला. कार्डावर सोनमचा गुडघा स्वच्छ आहे, प्रत्यक्षात त्यावर व्रण आहे. सबब सोनम कार्डाशी जुळत नाही. अर्ज बिनतोड होता. ती खेळत राहिली तर वर्षभरात कार्डावरची मुलगी कोण, हेच ओळखू येणार नाही. समितीने जड अंतःकरणाने तिसरा ठराव मांडला: कु. सोनम बंडगर, वय वर्षे एकोणीस, हिला या तारखेपासून प्राचीन खेळाडू घोषित करण्यात येत आहे. समितीने लीगशी केलेल्या करारान्वये हा ठराव तिच्यावर बंधनकारक होता; यापुढे तिने खेळायचे नव्हते.

या घोषणेनिमित्त केलेल्या सत्काराला तिला सोलापुरी चादर आणि नारळ दिला. भाव बावन्नशेवर जाऊन थांबला. टाळ्या थांबल्यावर तिचे वडील बिरप्पा मागच्या रांगेतून उठले. मंगळवेढ्याकडे त्यांची मेंढरे आहेत.

“सायेब, आमी बाजारात मेंढरू घेताना चालवून बघतो. तुमी चालणाऱ्याला बसवून भाव वाढवताय. ह्यो कसला बाजार म्हनायचा?”

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

सोनम मात्र थेट टेबलाशी आली. “अण्णा, चौदा तारखेला माझी निवड चाचणी हाय. राज्याच्या संघाची. चार वर्सं त्याच्यासाठी पहाटं उठलीय मी.”

“प्राचीन खेळाडूला हाताळणी वर्ज्य आहे,” मी समजावले. “तू आता जपायची वस्तू झालीस. किती जणींच्या नशिबी येतं हे?”

तिने खोल श्वास घेतला आणि तिथेच उभी राहून कबड्डी, कबड्डी म्हणायला लागली. मी ठराव वाचायला घेतला. त्याला सात पोटकलमे होती. मी मोठ्याने वाचत गेलो, ती म्हणत गेली. सातवे पोटकलम संपले, तिचा दम सुटला नव्हता. खोटे कशाला बोलू? असा दम मी जन्मात ऐकला नव्हता आणि तो ऐकत बसावे असे मनापासून वाटले. मग मी ठरावाखाली सही केली.

चौदा तारखेला ती एसटीने चाचणीला गेलीच. परत आल्यावर एवढेच म्हणाली, “बरी झाली.” ही बातमी पेठेत फुटू नये म्हणून समितीने फार काळजी घेतली.

बारा दिवसांनी निवड मंडळाचे पाकीट आले. लीगच्या खेळाडूंचा पत्रव्यवहार समितीमार्फत होतो, म्हणून ते माझ्या टेबलावर आले. आत होकार असेल तर सोनम पुन्हा खेळणार, म्हणजे कधीतरी हरणार, म्हणजे भाव पडणार. नकार असेल तर भाव त्याच दिवशी पडणार. आणि हा व्यवसाय ज्याला कळतो त्याला हेही कळते की, न फोडलेले पाकीट आतल्या कुठल्याही कार्डापेक्षा महाग असते. पाकीट पारदर्शक डबीत बंद केले. कार्डांची प्रत ठरवणाऱ्या तपासनिसाने त्याला दहापैकी साडेनऊ गुण दिले. अर्धा पोस्टमनच्या अंगठ्याच्या डागामुळे गेला.

सोनम रोज यायची. “अण्णा, माझंच नाव हाय की त्याच्यावर. फोडा की.”

“निवड मंडळाला फोन कर.”

“केला. निकाल पत्रानंच कळवलाय म्हनत्यात. शिबिराला कवा हजर व्हायचं, त्ये तरी बघा.”

पण शिबिराची तारीखही पाकिटातच होती.

इथवरचा वृत्तांत आम्ही समितीच्या फलकावर लावला. त्याच दिवशी एका वाचकाचा फोन आला. “लाज वाटत नाही का तुम्हाला? पोरीचं आयुष्य डबीत कोंडलंय! मी विकत घेतो ते पाकीट आणि तिच्यासमोर फोडतो.” सद्गृहस्थ होते. एक्केचाळीस हजार मोजून पाकीट घरी नेले. सोनम त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला पाणी दिले, डबी हातात घेतली, उजेडात धरली. मग आत जाऊन मला हळू आवाजात फोन केला, “अण्णा, नुसतं विचारतो. फोडलं तर किती, आणि न फोडता किती?” मी सांगितले. आठवड्याने त्यांनी ते छप्पन्न हजाराला विकले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खरेदीदारानेही वृत्तांत वाचूनच, डोळ्यांत पाणी आणून, फोडण्यासाठीच घेतले होते. सोनम दर वेळी माझ्याकडे येऊन नवा पत्ता लिहून नेते आणि त्या दारात जाऊन उभी राहते.

पाकीट सध्या पुन्हा विक्रीला आहे. आपण इथवर आलात, मधे दोनदा आम्हाला शिव्याही घातल्या असतील, म्हणजे आपल्याला त्या मुलीची खरी कळकळ आहे. आपल्याला किमतीत अडीच हजार कमी करू. सोनम बाहेर बाकावर बसली आहे. तिला आपला पत्ता काय लिहून देऊ?