मी फक्त चित्र बघायला आलोय!

"आता आणखी एक प्लेट मागवलीस ना गाउदेन्झिओ, तर मी तुला इथेच टाकून पायी पिआचेन्झाला जाईन!" एवारिस्तोने नॅपकिन टेबलावर आपटला.

"जा की. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे," गाउदेन्झिओ म्हणाला आणि त्याने वेटरला खूण करून आणखी एक प्लेट मागवली.

एवारिस्तोचा संताप काही उगाच नव्हता. पिआचेन्झात त्याने जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं आणि जन्मभर एकच तक्रार केली, की लोकांना चष्मा देता येतो, पण नजर कुठून द्यायची? दुकान मुलीच्या हवाली केल्यावर जुनी शहरं हिंडायची, जुनी चित्रं डोळे भरून बघायची, एवढीच त्याची इच्छा. पण त्याला गाडी चालवता येत नव्हती आणि गाडी होती गाउदेन्झिओची. या शाळासोबत्याने उभं आयुष्य सॉसेजच्या धंद्यात काढलेलं. त्याच्या लेखी शहर म्हणजे जेवण. फेरारात भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता संपेपर्यंत राजवाड्याची दारं बंद झाली. राव्हेन्नात काचेचे बारीक तुकडे जडवलेल्या सोनेरी छताखाली एवारिस्तो डोळे पुसत उभा होता, तर हा म्हणाला, "आमच्या बाथरूमच्या फरशा काय वाईट आहेत?" गाउदेन्झिओची बायको नोरीना नवऱ्याला कोपर मारायची आणि मग स्वतःच हळूच विचारायची, "पण इथे जरा टेकायला कुठे आहे का हो?"

आज गुब्बिओ. सहलीचा शेवटचा मुक्काम. इथल्या सांता लिबेराता चर्चमध्ये पाचशे वर्षांपूर्वीची एक मारियामाता होती. तिचं कॅलेंडरवरून कापलेलं चित्र एवारिस्तोच्या दुकानात काचा घासायच्या यंत्रावर लग्नाआधीपासून चिकटवलेलं होतं. निळ्या पदराची आई, आणि तिने बाळाचं पाऊल मुठीत धरलेलं. तेवढं पाऊल एकदा प्रत्यक्ष बघायचं होतं त्याला. त्यासाठी तर ही सगळी सहल. आणि इथे ट्रफल नावाची महागडी अळंबी किसलेली अंडी येत होती, जात होती, पुन्हा येत होती. सकाळची वेळ अशी गेली. मग दुपारी चर्च बंद. ते उघडलं चारला, आणि चारला एवारिस्तो धापा टाकत दाराशी पोचला, तर दारात झाडूवाला म्हातारा आडवा.

"आज बघायला नाही मिळायचं, साहेब. अंत्यविधी आहे."

"उद्या?"

"उद्या सोमवार. बंद."

एवारिस्तोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकातल्या बारपाशी गाउदेन्झिओ आइस्क्रीमच्या दोन चवींमध्ये निवड करत उभा होता. दाराशेजारच्या भिंतीवर काळ्या चौकटीचं पत्रक डकवलेलं होतं. एर्सिलिया ब्रुनोरी, वय एकाहत्तर, पती सेत्तिमिओ आणि बहीण आडालजीसा दुःखात. एवारिस्तोने ते वाचलं, टोपी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी अंत्यविधीलाच आलोय. एर्सिलियासाठी."

"असं होय? घरचे का?"

"घरच्यासारखाच."

म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला आणि त्याला थेट पुढे, दुसऱ्या बाकावर नेऊन बसवलं. देवानेच गाठ घालून दिली म्हणायची. उजव्या हाताच्या छोट्या देवघरात दिवा लागलेला होता आणि दिव्याखाली ती होती. तोच निळा पदर. तीच मूठ. मुठीत ते पाऊल.

एवारिस्तोला रडूच फुटलं. आधी नुसते डोळे भरले, मग नाक वाहायला लागलं, मग खांदे हलायला लागले. सहलीभर गिळलेला संतापही त्यात मिसळला असेल, पण हुंदका असा निघाला की फादर बोलता बोलता थांबले. ते सांगत होते की एर्सिलिया ही ठाम मतांची बाई होती. या वाक्यावर भरल्या चर्चमध्ये कुणाच्याही डोळ्याला पाणी आलेलं नव्हतं. एर्सिलियाबाईंनी त्या ठाम मतांपायी अर्ध्या गावाशी अबोला धरलेला होता. लोक आले होते ते रीत म्हणून.

पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून रुमाल दिला. त्या आडालजीसा, मयताची बहीण.

"धीर धरा," त्या कुजबुजल्या. "कुठून आलात?"

"पिआचेन्झा," एवारिस्तो नाक शिंकरत म्हणाला, आणि पुन्हा चित्राकडे बघून त्याचा बांध फुटला.

आडालजीसाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एर्सिलिया दर उन्हाळ्यात पंधरा दिवस साल्सोमाज्जोरेला गरम पाण्याच्या कुंडांवर जायची. सांध्यांसाठी. एकटी. आणि साल्सोमाज्जोरेहून पिआचेन्झा म्हणजे गाडीने हाकेच्या अंतरावर. बाईंनी हे शेजारणीच्या कानात सांगितलं. शेजारणीने मागे सांगितलं. शवपेटी खांद्यावर चढेपर्यंत अख्ख्या चर्चला कळलं होतं, आणि शेवटी कळलं ते सेत्तिमिओला.

सेत्तिमिओ दगडफोड्या. हात फावड्याएवढे. पेटी बाहेर आली, रिवाजाप्रमाणे लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेटी गाडीत ठेवली गेली, आणि सेत्तिमिओने वळून एवारिस्तोची कॉलर धरली.

"सांधे!" तो गरजला. "सांधे दुखतात म्हणायची मला! दर वर्षी! मी बॅग भरून द्यायचो तिची!"

"अहो, सोडा! तुमच्या बायकोला मी ओळखतसुद्धा नाही!"

"ओळखत नाही? मग माझ्यापेक्षा जास्त का रडलास रे?"

"मी फक्त चित्र बघायला आलोय!"

चौकात हशा पिकला. एवारिस्तोचा भयंकर अपमान झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो अक्षरशः खरं बोलत होता आणि गुब्बिओचं एक माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"चित्र बघून रडतं का कुणी?" एक आजोबा म्हणाले.

"माणसं रडतात!" एवारिस्तो कॉलर सोडवत ओरडला. "ज्यांना काळीज आहे ती रडतात! तुमच्या गावात एवढं सोनं टांगलंय आणि तुम्ही त्याखाली जांभया देता! लाज नाही वाटत?"

"माझ्या बायकोच्या अंत्यविधीला येऊन तू माझीच लाज काढतोस?" सेत्तिमिओने दुसराही हात वापरायचं ठरवलं.

एवढ्यात आइस्क्रीम सांभाळत गाउदेन्झिओ आणि नोरीना गर्दीतून पुढे आले. एवारिस्तोला त्या सॉसेजवाल्याचं तोंड बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.

"सांग यांना! सांग, मी चित्रांसमोर रडतो की नाही!"

"हा ना? नळ आहे नुसता," गाउदेन्झिओ म्हणाला. "फेरारात बंद दाराबाहेरच रडला. राव्हेन्नात तर अस्सा रडला की पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली. आम्हाला काय कमी ताप झालाय? म्हणतो, अस्सल चित्रासमोर उभं राहिलं की आपोआप अंगावर काटा येतो, आणि ज्याला येत नाही तो बैल. मला बैल म्हणाला, दोनदा."

"खरंय हो," नोरीना म्हणाली. "आणि बाईच्या भानगडीचं म्हणाल तर याला शेजारीणसुद्धा चहा देत नाही."

हे शेवटचं वाक्य एवारिस्तोला नको होतं, पण कॉलर सुटली. सेत्तिमिओने त्याच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, टकलापासून मोज्यांवर घातलेल्या सँडलपर्यंत, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू शांती पसरली.

"माफ करा साहेब," तो म्हणाला. "दुःखात माणसाचं डोकं फिरतं. तुमच्यासारख्या माणसाबद्दल मी असं मनात तरी कसं आणलं! माझी एर्सिलिया, आणि हे!" आजूबाजूचे लोकही मान डोलवून हसले. शववाहिनीच्या ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. "पण कुठलं चित्र म्हणालात?"

"कुठलं म्हणजे? मारियामाता! उजवीकडची!"

आडालजीसाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"अहो, ती इथे नाहीये," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, साफसफाईला फ्लॉरेन्सला नेलीय. इथे टांगलंय ते कापडावर छापलेलं आहे. माझ्या पुतण्याने छापून दिलं. पिझ्झाच्या दुकानांच्या ताडपत्र्या छापतो तो."

आधी हसला तो गाउदेन्झिओ. साधं हसला नाही. त्याचं आइस्क्रीम हातातून पडलं, तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला, त्याला श्वास घेता येईना.

"ताडपत्री!" तो डोळे पुसत म्हणाला. "नोरीना, हा ताडपत्रीसमोर रडला! अंगावर काटा आला याच्या! बैल कोण, बोल आता! थांब, पिआचेन्झात पाय ठेवल्या ठेवल्या बारमध्ये आधी हेच सांगतो."

एवारिस्तोच्या डोळ्यांपुढे तो बार आला. मग दुकान, मुलगी, जिला नजर नाही म्हणून त्याने हिणवलं ती सगळी गिऱ्हाइकं, आणि त्या सगळ्यांच्या तोंडी मरेपर्यंत एकच शब्द, ताडपत्री. नाही, हे होऊ देणं शक्य नव्हतं. त्याने कोट झटकला. टोपी छातीशी धरली.

"कुठलं चित्र?" तो थंडपणे म्हणाला.

"अरे, आत्ताच तर तू म्हणालास..."

"त्या कापडाकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. कापड आहे हे मला दारातूनच कळलं होतं." मग तो सेत्तिमिओकडे वळला आणि भरल्या चौकात खणखणीत आवाजात म्हणाला, "मी एर्सिलियासाठी रडलो."

सेत्तिमिओने सावकाश काळा कोट काढला, नीट घडी घातली आणि मेव्हणीच्या हातात दिला. शववाहिनीच्या ड्रायव्हरने निमूटपणे इंजिन बंद केलं.