देवाजीची पाच बोटं

देवाजी मेश्रामाला काहीही विचारा, तो तोंड उघडायच्या आधी बोट वर करायचा. कधी अंगठा, कधी करंगळी, कधी मधलंच एखादं.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. तिकडं कसलंसं शिबिर भरलं. देवाजी फुकटच्या जेवणाला म्हणून गेला आणि जगातल्या समद्या माणसांचे हक्क पाच बोटांवर घेऊन आला.

"भाऊ, साऱ्या देशायनं कबूल केले हायेत," म्हणे. अंगठा म्हणजे नागरी, कोणी उगाच मारू नये, पकडून नेऊ नये. पहिलं बोट राजकीय, मत द्यायचं, सभेत बोलायचं. मधलं आर्थिक, म्हणजे काम अन् मजुरी. त्याच्या बाजूचं सामाजिक, दवाखाना-शाळा. करंगळी सांस्कृतिक, आपली बोली, आपले सण.

मी कमी शिकलेला माणूस. पण फुकट वाटणाऱ्याचा काही डाव असतो, एवढं मला कळतं. हा निवडणुकीला उभा राहणार, नाहीतर पोलिसांना बातम्या देणार. मी त्याच्यासमोर बोलणंच कमी केलं.

तेंदूपत्त्याच्या फडावर ठेकेदाराच्या मुन्शीनं पानांचे पुडे खराब म्हणून बाजूला फेकले, की याचं मधलं बोट वर. कंडक्टरनं एसटीतून ढकललं, की अंगठा. एका लग्नात वाढप्या त्याला टाळून पुढं गेला तर यानं दोन बोटं दाखवली. वाढप्याला वाटलं दोन पुऱ्या पाहिजेत. त्यानं वाढल्या. देवाजीनं हक्क म्हणून खाल्ल्या.

माझी बायको सखू त्याची थट्टा करायची. "भावजी, नवऱ्यानं भाजीले नावं ठेवून ताट सरकवलं तं कोनतं बोट?"

"वयनी, त्याले बोट नाई पुरत. मूठ लागते!"

दोघं हसायचे. मी नाही.

थंडीत सखू तापानं गेली. देवाजी रोज येऊन ओट्यावर बसायचा. बोट एकही वर नाही. मी म्हटलं, याला काय पाहिजे असंल?

पुढं मोहफुलांचे दिवस आले. आमच्याकडं रानातला मोह घरोघरी वाटलेला असतो. पाला झाडून बूड साफ ठेवायचं, फुलं त्या घरची. कोणी झाडलं नाही तर झाड सुटलं असं गाव समजते, अन् जो पहिला झाडू मारंल त्याचं होते. सखूचा मोह नाल्याकाठी होता. तिच्या सासूकडून तिला आलेला. माझे पायच तिकडं वळत नव्हते.

एका सकाळी कोणीतरी सांगितलं, "देवाजी तुमच्या मोहाखाली झाडून राह्यला."

मी काठी घेऊन निघालो. सापडला चोर!

तो वाकून पाला लोटत होता. बाजूला टोपलीत फुलं.

"काऊन रे, बाईची राख थंडी नाई झाली अन् तिचं झाड गिळून राह्यला?"

तो उभा राहिला. "गावाले सांगतलं हाये ना भाऊ, झाडू मी मारतो, पन नाव वयनीचंच. बूड तसंच राह्यलं असतं तं झाड गेलं असतं तुमच्या हातचं."

"अन् फुलं?"

"तुमच्याच ओट्यावर वाळाले टाकतो. तुमी पाहातच नाई. माह्या घरी खाले कोन हाये?"

काठी कुठं ठेवावी ते मला समजेना. म्हणून आवाज चढवला, "तुले काय गरज? कोनतं बोट हाये हे?"

त्यानं मातीनं भरलेला हात उलटापालटा करून पाहिला. "यातलं नाई सापडत. वयनी दर साली पयली ओंजळ मले द्याची. म्या कधी मांगतली नोती."

आता झाडू मीच मारतो. पहिली ओंजळ त्याच्या दारात ठेवतो अन् कुडाआडून पाहतो. माणसावर एकदम भरोसा ठेवू नये.

तो बाहेर येतो, इकडंतिकडं पाहतो आणि पाचही बोटांनी उचलतो.